टेंभाईचं माहेर

"व्यवसाय काय लिहू?" तहसीलदारांनी विचारलं.

"मेंढरं," आत्ती म्हणाली.

"तुम्ही गायिका आहात ना? चाळीस लाख लोकांनी ऐकलंय तुमचं गाणं."

"ऐकलं असंल. पर त्यो काय धंदा न्हाय. धंदा मेंढरं."

तहसीलदारांनी 'मेंढपाळ' असं लिहिलं, त्याच्यापुढं 'लोकगायिका' असं लिहिलं आणि कपाळावरचा घाम चुकून त्याच कागदानं टिपला. 'लोकगायिका' पुसलं गेलं. त्यांनी ते परत लिहिलं नाही.

चैत्रातली टळटळीत दुपार होती. तरसवाडी आणि हिवरडा या दोन गावांच्या शिवेवर, उघड्या माळावर, एक टेबल आणि एक खुर्ची मांडली होती. टेबल तरसवाडीच्या शाळेतलं आणि खुर्ची हिवरड्याच्या शाळेतली. दोन्ही एकाच गावची आणली असती तर दुसऱ्या गावानं साहेबांना उभं ठेवलं असतं. साहेब नवीन होते, विदर्भातून आलेले. सकाळी त्यांनी हिवरडेकरांच्या तांब्यातलं पाणी प्यायलं, तेव्हा तरसवाडीचे लोक "साहेब फुटला" म्हणू लागले. मग त्यांनी तरसवाडीचंही एक तांब्या पाणी सगळ्यांसमोर प्यायलं आणि निःपक्षपाती झाले.

दोन्ही गावांच्या मधोमध टेंभाई देवीची पालखी होती. सकाळी नऊपासून ती हवेतच होती. पुढच्या दांडीला हिवरड्याचे गडी, मागच्या दांडीला तरसवाडीचे. जो खाली ठेवील त्यानं हार मानली, असं कुणीतरी म्हणालं होतं, त्यामुळे कुणीच ठेवत नव्हतं. दर पंधरा मिनिटांनी खांदे बदलत होते. दोन पोलीस होते. त्यांपैकी एकाची सासुरवाडी हिवरड्याची असल्यामुळे प्रत्यक्षात एकच होता.

हे सगळं माझ्यामुळं झालं होतं. पण हे त्या माळावर फक्त मलाच माहीत होतं, निदान असं मला वाटत होतं.

आत्ती म्हणजे लिंगूबाई हाके. माझ्या वडिलांची चुलतबहीण. तीस वर्षं मेंढरांमागं हिंडली आणि हिंडता हिंडता ओव्या गायली. सासूकडून शिकलेल्या, सासू तिच्या सासूकडून शिकलेली. मग कुणीतरी मोबाइलवर तिचा आवाज भरून घेतला, मग सांगलीच्या स्टुडिओत बोलावणं आलं, मग टेंभाईच्या गाण्यानं कहर केला. लग्नाच्या वरातीत तेच, ट्रॅक्टरवर तेच, डॉक्टरच्या फोनची रिंगसुद्धा तीच. वर्षभरात एकतीस सत्कार झाले. सत्काराच्या शाली आत्तीनं थंडीत कोकरांच्या अंगावर घातल्या. तालुक्यातली सगळ्यात सन्मानित कोकरं आमच्या कळपात होती.

मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो आणि तिचा झीलकरी होतो. झीलकरी म्हणजे मुख्य गाणाऱ्याच्या मागं उभा राहून ओळीचं शेपूट धरणारा. आत्ती ओळ म्हणायची आणि शेवटचा शब्द सोडून द्यायची. तो मी उचलायचा, वर न्यायचा आणि श्वास संपेपर्यंत तिथंच धरून ठेवायचा. लोक टाळ्या वाजवायचे ते तिथं, पण आत्तीकडं बघून.

टेंभाईच्या गाण्यात ओळ अशी होती: 'आई टेंभाई कुणाची लेक गं, माहेर तिचं गाव...' आणि गाव मी म्हणायचं. गाव होतं तरसवाडी. पिढ्यान्‌पिढ्या तेच होतं. दर चैत्रात माहेरची म्हणून तरसवाडीची माणसं शिवेवर तिची पहिली ओटी भरायची आणि सासर म्हणून हिवरडा तिला घेऊन जायचं. लेकीच्या सासरी पाणी प्यायचं नसतं, म्हणून तरसवाडीचा माणूस हिवरड्यात घोटभर पाणी पीत नसे. पोस्टमनसुद्धा.

पण 'तरसवाडी'च्या शेवटी ई आहे. ज्यानं कधी वरच्या पट्टीत ई धरून बघितली असेल, त्याला मी काय म्हणतो ते कळेल. घसा आवळतो. स्टुडिओत तीन वेळा घेतलं आणि तिन्ही वेळा फाटलं. काचेपलीकडचा माणूस माइकवर म्हणाला, "भाऊ, बकरं कापल्यागत येतंय." आ वर घसा उघडतो. चौथ्या वेळी मी डोळे मिटले आणि 'हिवरडा' म्हणून टाकलं. तो आ जो लागला, तो मला परत कधी लागला नाही. काचेपलीकडच्यानं अंगठा दाखवला. आत्ती डोळे मिटून, कानावर हेडफोन लावून उभी होती. तिनं ऐकलं नसावं असं मी ठरवलं.

अशा रीतीनं देवीचं माहेर माझ्या घशानं बदललं.

पुढं गाणं गावोगाव पोचल्यावर हिवरड्यानं वेशीवर कमान उभारली, 'देवीचं माहेर : हिवरडा'. कमानीवर आत्तीचा फोटो देवीपेक्षा दीड फूट मोठा. आणि मग हिवरड्याच्या लोकांनी तरसवाडीत पाणी पिणं बंद केलं, कारण आता माहेर त्यांचं होतं. दोन गावांत मिळून कुणीच कुणाकडं पाणी पिईना. आत्तीनं विचारलं तेव्हा मी म्हणालो, "कंप्युटरनं केलं असंल." ती म्हणाली, "आसंल." विषय संपला.

पण आत्तीची लेक शालन तरसवाडीला दिलेली होती. सासरा बिराप्पा करे, देवीच्या ओटीचा पहिला मानकरी. चार महिन्यांपूर्वी त्यानं सुनेला आणि सात महिन्यांच्या नातीला एसटीत बसवून दिलं होतं. निरोप एकच होता, "तुज्या आयीनं आमची देवी हिवरड्याला दिली. ती परत दिऊ दे, मग सून घिऊन जातो."

आत्तीनं फक्त "चुकलं" म्हणायचं होतं. अडचण अशी होती की तिनं ते गाणं सुंबरान मांडून गायलं होतं. सुंबरान म्हणजे गाण्याआधी देवाला हाक मारून समोर बसवणं. त्याच्यासमोर गायलेला शब्द गाणाऱ्यानं मागं घ्यायचा नसतो. घेतला तर त्यानं पुन्हा कधी सुंबरान मांडायचं नाही. आणि सुंबरानाशिवाय ओवी नाही. म्हणजे लेक किंवा गाणं, दोन्हींतलं एक.

मी कबूल केलं असतं तर? झीलकरी सांगितलेलंच म्हणतो असं लोक धरून चालतात, पण त्यानं आपल्या मनानं घातलेला शब्द गाणाऱ्याला लागत नाही. म्हणजे शब्द माझा, चूक माझी, मार माझा. आत्ती सुटली असती. चार महिने मी रोज सकाळी ठरवायचो की आज सांगतो, आणि रोज दिवसभर मेंढरांमागं इतका लांब जायचो की सांगायला कुणी नसायचं.

"तर असं ठरलंय," तहसीलदार उभे राहिले. "लिंगूबाई शिवेवर सुंबरान मांडून ती ओवी गातील. त्या जे गाव म्हणतील ते दोन्ही गावांना मान्य. पंचनाम्यावर सह्या झाल्यात. बरोबर?"

"बराबर," बिराप्पा म्हणाला. पांढरा पटका, हातात ओटीचं ताट, ताटातल्या खणावर उन्हानं वाळलेला, शेंडी पिंजारलेला नारळ. तो आत्तीकडं बघत नव्हता. व्याही होता.

"बराबरच हाय की," हिवरड्याचे सदाशिवआबा म्हणाले. "नवं काय म्हणायचंय तिला? साऱ्या जगानं ऐकलंय, तेच म्हणायचं. आन् कमान काय आमी हौसंनं बांधली का?"

"हौसंनंच बांधली," तरसवाडीतून कुणीतरी ओरडलं. "लोखंड कुठनं आणलं ते बी सांग!"

"पाणी प्या जरा, डोस्कं थंड हुईल."

"तुमच्याकडलं? म्येलो तरी न्हाय!"

दोन्हीकडच्या काठ्या जमिनीवरून दोन इंच वर आल्या. पोलीस शिट्टी शोधू लागला.

आमची जीप बाजूला बाभळीखाली उभी होती. आत शालनक्का मांडीवर पोर घेऊन बसली होती. तिनं त्या गाण्याचा एक शब्दही कधी ऐकला नव्हता. गाणं आलं तेव्हा ती बाळंतीण होती, नंतर सासरी ते लावायलाच बंदी होती, आणि माहेरी आल्यावर ते कुठं वाजायला लागलं की ती कानांत बोटं घालायची. सकाळपासून तिनं तोंड उघडलं नव्हतं. घरून निघताना आत्ती तिला म्हणाली होती, "कापडं सगळी घे." शालनक्कानं सगळी घेतली होती. बोचकं मागच्या सीटवर होतं.

येताना जीपमध्ये आत्ती मला एवढंच म्हणाली होती, "आज खरं गायाचं हाय. घसा नीट ठीव."

"खरं म्हंजी कंचं, आत्ती?"

"खरं म्हंजी खरं."

आता ती शिवेच्या दगडापाशी गेली. डोक्यावरचा पदर नीट केला. येताळातात्या, आमचा ढोलवाला, ढोलाच्या वाद्या ताणत होता. तात्या गेली चाळीस वर्षं ढोल वाजवत असल्यामुळे त्याला डाव्या कानानं ऐकू येत नसे, म्हणून मी नेहमी उजवीकडं उभा राहायचो. त्या दिवशी मी डावीकडं उभा राहिलो. का ते सांगता येत नाही.

आत्तीनं हात कानाशी नेला आणि सुंबरान मांडलं. माळावर जो आवाज होता तो हळूहळू बसत गेला, ढेकळं पावसात बसावीत तसा. पालखीखालच्या गड्यांनी खांदे बदलायचं थांबवलं. तिनं बिरोबाला बोलावलं, डोंगराला बोलावलं, चारी दिशांना बोलावलं. आवाजाला साठ वर्षांचा चरा होता आणि त्या चऱ्यातूनच तो वर जायचा. तहसीलदारांनी पेन खाली ठेवलं.

आणि मग ओळ आली.

"आई टेंभाई कुणाची लेक गं... माहेर तिचं गाव..."

तिनं सोडली आणि मागं वळून माझ्याकडं बघितलं. ती कधीच वळत नसे.

ढोल फिरत होता. मला फक्त तोंड उघडायचं होतं. तरसवाडी म्हणायचं, फाटलं तर फाटू द्यायचं, आणि मग सगळ्यांनी विचारलं असतं की आधी हिवरडा कुणी घातलं, तर हात वर करायचा. आत्तीचा शब्द तसाच राहिला असता. समोर दोन हजार माणसं होती. पुढच्या रांगेत हिवरड्याचा एक पैलवान दंड थोपटत उभा होता. त्याचं नाव मला माहीत नव्हतं आणि माहीत करून घ्यायचं नव्हतं.

ढोलाचं एक आवर्तन गेलं. दुसरं गेलं.

"उचल की रं," तात्या ओरडला.

तिसरं गेलं. माझं तोंड उघडं होतं. आतून काही येत नव्हतं. ईसुद्धा नाही, आसुद्धा नाही. आत्ती माझ्याकडं बघत होती. रागानं नाही. मेंढरू कळपात शिरतंय की नाही, ते ती जशी बघायची, तशी.

मग तिनं हात वर करून ढोल थांबवला.

"झील ऱ्हाऊ द्या," ती लोकांकडं वळून म्हणाली. "मीच सांगते. टेंभाई तरसवाडीची लेक. माज्या सासूनं तसंच गायलं, तिच्या सासूनं तसंच गायलं. गाण्यात हिवरडा आलं, ते माज्यामुळं. सूर लागंना म्हणून. त्यो शब्द मी मागं घेते."

तहसीलदारांनी खाली ठेवलेलं पेन उचललं.

"म्हंजी आता गाणार न्हाईस तू, लिंगू?" तात्यानं विचारलं. ढोलावरचे त्याचे हात तसेच होते.

"न्हाय," आत्ती म्हणाली. "झालं की. लई गायले."

मग हिवरडा फुटला. सदाशिवआबा म्हणाले, "आमी आता त्या कमानीचं काय करायचं? चहाच्या टपरीवर घालू?" पण त्यांचं कुणी ऐकलं नाही. चपला आल्या. त्यांतली एक कोरी होती, आजच घेतलेली असावी. तो पैलवान पुढं आला. पुढच्या दांडीवरचे गडी रागानं मागं वळले, आणि त्या वळण्यात पालखीचं पुढचं टोक एकदम झुकलं. देवीचा मुखवटा घसरला, हळदीकुंकू सांडलं. दोन्ही गावांतल्या बाया एकाच वेळी किंचाळल्या. धावल्याही एकाच वेळी. कुणाचा हात कुठल्या गावचा ते कळेना. बिराप्पानं ताट टाकून दांडी धरली, आणि तिच्याखाली त्याच्या खांद्याला खांदा लावून तो पैलवान होता.

पालखी स्थिर झाली. तेवढ्यात हिवरड्याकडून एक वाकलेली म्हातारी पुढं आली आणि आपल्याच लोकांना म्हणाली, "मुडद्यांनो, रडताय कशाला? लेक त्यांची, सून आपली. लेक माहेराला चार दिस जाती, जलम कुठं काढती?" तिनं मुखवट्यावरची माती पदरानं पुसली. "भरा वो पाव्हनं, तुमची ओटी. आमाला उशीर हुतोय, सून घरला न्यायची हाय."

बिराप्पानं जमिनीवरून खण उचलला, झटकला आणि ओटी भरली. तहसीलदारांनी घड्याळ बघून वेळ लिहिली. पालखी हलली.

मी अजून डावीकडंच उभा होतो. तोंड मिटलं होतं की नाही ते आठवत नाही.

बिराप्पा जीपपाशी आला. शालनक्काकडं न बघता पोरीच्या गालाला बोट लावलं. "म्होरं हुतो," तो म्हणाला. "घरी सांगतो, चूल पेटवा म्हणून." आणि आत्तीला, तिच्या पायांकडं बघत, "येतो, ईहीनबाई."

जीप तरसवाडीच्या रस्त्याला लागली. तात्या चालवत होता. त्याच्या शेजारी शालनक्का पोरीला घेऊन बसली होती, मागं आत्ती आणि मी, आमच्या मध्ये बोचकं. गाव दिसायला लागलं, तेव्हा मला वाटलं की आता सांगितलं नाही तर मग मी कायमचा मेंढरांमागंच राहीन.

"आत्ती, कंप्युटरनं न्हवतं केलं. त्यो शब्द मी बदलला."

"ठावं हाय."

"आता कळलं व्हय?"

"इस्टुडिओतच. कानाला लावलं हुतं की सगळं." ती खिडकीबाहेर बघत होती. "तू बाहीर मुतायला ग्येलास, तवा त्या माणसानं मला इचारलं, मावशी, चारीतलं कंचं ठिवू? नाव बदललंय पोरानं चौथ्यात. म्या म्हनलं, चौथंच ठीव."

"का?"

"आरं, तसा सूर माज्या उभ्या जल्मात माज्या मागं कुणी लावला न्हवता."

म्हणजे माळावर ती खोटं बोललीच नव्हती. ठेवला तिनंच होता. आणि तरी वळून माझ्याकडं बघत तीन आवर्तनं थांबली होती. मी उचलतो का, तेवढ्यासाठी.

"तात्या, गाडी थांबवा," शालनक्का म्हणाली.

तात्याला पहिल्यांदा ऐकू गेलं नाही. तिनं परत सांगितलं. जीप वेशीच्या अलीकडं थांबली. तिनं मागं वळून आईकडं बघितलं नाही, माझ्याकडं बघितलं.

"म्हण."

"काय, अक्का?"

"त्योच सूर. चार म्हैनं म्या कशापायी काढलं ते ऐकू दे की मला बी."

"शालन, ऱ्हाऊ दे," आत्ती म्हणाली.

"तू गप गं. तू गायाचं सोडलंस, त्यानं न्हाय."

मी घसा खाकरला. दोन हजार माणसांसमोर जे आलं नव्हतं, ते त्या बंद जीपमध्ये, डिझेलच्या वासात, मी लावलं. गाव हिवरडा. तो आ स्टुडिओतल्यासारखा लागला नाही, पण लागला. पोरगी दूध प्यायची थांबली आणि माझ्या तोंडाकडं बघू लागली. मी श्वास संपेपर्यंत धरला.

शालनक्कानं पोरीचं तोंड पुसलं. मग म्हणाली, "आता आमचं गाव म्हण."

मी तरसवाडी म्हणालो. ई धरली. फाटली. बकरं कापल्यागत.

तिनं मान डोलावली. दोन्ही बाजू ऐकून घेतल्यासारखी.

"व्हय," ती म्हणाली. "पैलंच चांगलं हाय."

तिनं पोरीला खांद्यावर टाकलं, मागचं बोचकं स्वतःच ओढून घेतलं आणि उतरली. आत्ती उतरायला लागली तशी ती म्हणाली, "तू बस." आणि वेशीतून आत चालत गेली. आत्ती दार धरून तशीच बसली. लेक दिसेनाशी झाली, तरी तिनं दार लावलं नाही, म्हणून तात्यानंही गाडी सुरू केली नाही.